बायको मुंबईत सेटवर, मी कोल्हापुरात सौद्यात... आता पुढं काय?

गुळाचा_रवा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

बायको एका मराठी वृत्तवाहिनीत मनोरंजन प्रतिनिधी आहे, मुंबईत. मी कोल्हापुरात, मार्केट यार्डात वडिलोपार्जित गुळाची अडत. मुलगी तिसरीत. ती माझ्याकडं असते, म्हणजे खरं तर माझ्या आईकडं. लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातली एका छपराखाली किती गेली हे एकदा हिशेबाच्या वहीत मांडायला बसलो आणि वही मिटून ठेवली.

हिनं शिवाजी विद्यापीठातून पत्रकारिता केली. पन्हाळ्यावर शूटिंग आलं की केबलवाल्याच्या कॅमेऱ्यामागं पळायची. २०१० ला मुंबईला गेली. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, मुंबई सोडणार नाही. मी हो म्हणालो. सत्तावीस वर्षांचा होतो, रोज रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते की, असं वाटायचं.

सुरुवातीला हंगाम संपला की मी चार-पाच महिने तिकडंच असायचो. मग वडील गेले, अडत अंगावर आली. २०१७ ला मुलगी झाली. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा त्याच वर्षी कायद्यानं लागू झाली होती, ती पुरती मिळाली. त्यानंतर गोरेगावात पाळणाघर. पाळणाघर सातला बंद आणि ट्रेलर लाँच साडेसहाला सुरू, तो पण वेळेवर झाला तर. दीड वर्षाची झाल्यावर मुलीला इकडं आणलं.

आता प्रश्न. तिला मनोरंजन विभागाची प्रमुख करताहेत. पगार वाढेल, फिरती संपेल, पण मग मुंबई कायमची. दुसरी वाट म्हणजे तिनं परत यावं, इथून स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागं पैसे मिळणारी वार्ताहर म्हणून काम करावं, जोडीला स्वतःचं यूट्यूब चॅनल. आई ७१ ची, गुडघे गेलेत. तिनं यावं, की मी अडत चुलतभावाच्या हाती देऊन जावं?

या धंद्यातल्यांनी कामाबद्दल पण लिहा. अकरा वर्षांत मला अजून नीट कळलेलं नाही की ती दिवसभर नेमकं करते काय. गल्लीला वाटतं रोज हिरोबरोबर जेवते. मी फोन केला की एकच शब्द ऐकू येतो, "थांबलेय."

रस्सा_दे_की | सोमवार, रात्री १०:२०

पहिलं मुद्द्याचं. साडेसातच्या मालिकेतल्या हिरॉइनचं लग्न मोडतंय का जमतंय? वहिनींना विचारून सांगा. आमच्या घरात दोन गट पडलेत, जेवणं वेगळी व्हायची वेळ आलीय.

बूम_सांभाळणारा | सोमवार, रात्री ११:०५

बारा वर्षं एंटरटेन्मेंट बीटला कॅमेरा केलाय, त्या हक्कानं लिहितो. "थांबलेय" शंभर टक्के खरं आहे.

सकाळी असाइनमेंटचा मेसेज येतो. समजा अकराला फिल्मसिटीत एका मालिकेच्या सेटवर आहे. पोचलो की प्रॉडक्शनचा माणूस सांगतो, "सीन चालू आहे, दहा मिनिटं." दहा मिनिटं हे तिथलं माप आहे, तुमच्या यार्डातल्या गुळाच्या रव्यासारखं, ढेपेसारखं. प्रत्येकाचं वजन निराळं. मेकअप रूमबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर पत्रा, चहा मात्र अखंड. दीडला हिरॉइन येते. चार मिनिटांचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढचं बोलणं, त्यात दोनदा विमान जातं, एकदा बाजूच्या सेटवर कुणीतरी तुतारी वाजवतं. बूमवरचा, म्हणजे हातातल्या माइकवरचा, वाहिनीचा ठोकळा कॅमेऱ्याकडं सरळ राहिला पाहिजे. तो वाकडा दिसला तर ऑफिसातून फोन येतो, बाइट वाकडा आला तर येत नाही.

सिनेमाचं जंकेट, म्हणजे प्रसिद्धीच्या मुलाखतींची रांग, त्याहून भारी. पंचतारांकित हॉटेलची खोली. हिरो जागचा हलत नाही, रिपोर्टर बदलत राहतात. प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, गर्दी असेल तर चौघांत मिळून. कॅमेरेसुद्धा बऱ्याचदा त्यांचेच, आपण बाहेर पडताना रेकॉर्डिंगचं कार्ड घ्यायचं. कॅमेऱ्यामागं पीआरची मुलगी दोन बोटं दाखवत असते, दोन मिनिटं उरली. आडवा प्रश्न विचारला तर कार्ड "कॉपी होतंय" ते दुसऱ्या दिवसापर्यंत कॉपीच होत राहतं.

हे झाल्यावर कॅबमध्ये बसून बाइट उतरवायचे, ऑफिसात व्हीओ म्हणजे निवेदनाचा आवाज, मग एडिट. नऊला सुटलं, घरी पोचलं आणि अकराला डेस्कचा फोन, "अमुक अमुक ज्येष्ठ अभिनेते गेले म्हणताहेत, कन्फर्म कर." हा सगळ्यात वाईट फोन. घरच्यांचा नंबर रिपोर्टरकडंच असतो, म्हणजे विचारायचं तिनंच. आमच्या एका सहकारी बाईनं असा फोन लावला तर साहेबांनी स्वतः उचलला. ही गप्प. ते म्हणाले, "तुम्ही सातव्या. जेवण झालं की सगळ्यांना एकदम सांगतो."

मिरज_जंक्शन | सोमवार, रात्री ११:१८

"कार्ड कॉपी होतंय" हे फारच भारी! सरकारी कार्यालयातलं "साहेब मीटिंगमध्ये आहेत" त्याचाच हा चुलतभाऊ.

तटस्थ_माणूस | मंगळवार, सकाळी ७:४०

कुणाला दुखवायचं नाही, पण याला पत्रकारिता म्हणायचं का? कुणाचं कुणाशी जमलं, विमानतळावर कोण कुठली पिशवी घेऊन आलं. २०२० सालचा उन्हाळा-पावसाळा आठवा. एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर महिनोन्महिने जे चाललं ते बघून मी टीव्हीच काढून टाकला. त्या कामासाठी संसार दोन गावांत विभागायचा? रवासाहेबांनी बायकोला परत आणावं आणि विद्यापीठात शिकवायला लावावं, असं माझं मत.

पांढरा_विथ_एक्स्ट्रा | मंगळवार, सकाळी ८:०२

विद्यापीठात लावायला ती काय घंटा हाय का भावा?

डेस्कवाली_होते | मंगळवार, दुपारी १:३०

तटस्थ, तुमचं निम्मं खरं आहे आणि ते मी आतून पाहिलंय. तेव्हा मी आउटपुटला, म्हणजे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या डेस्कला होते. त्या महिन्यांत जे दाखवलं गेलं त्याची लाज वाटते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तपास चालू असताना असल्या मीडिया ट्रायलवर कडक शब्दांत मर्यादा सांगितल्या, त्या सांगायची वेळ आली हेच वाईट. पण आमच्याकडं झालं असं की मनोरंजनाच्या रिपोर्टरना बाजूला सारून क्राइमवाल्यांकडं सगळं गेलं. ज्या पोरींकडं दहा-दहा वर्षांचे नंबर होते, त्यांना "फक्त नंबर द्या" म्हटलं गेलं. दोघींनी दिले नाहीत. त्यातली एक अजून त्याच पदावर आहे.

आता उरलेलं निम्मं. मार्च २०२० मध्ये शूटिंगं बंद पडली. हिंदी मालिकांत पैसे नव्वद दिवसांनी द्यायची पद्धत, म्हणजे लोकांचं डिसेंबरचं काम अजून अडकलेलं आणि नवं काम शून्य. स्पॉटबॉय, ड्रेसमन, एका दिवसाच्या भूमिका करणारी माणसं घरी बसली, ही बातमी कुणी केली? याच पिशवीवाल्या रिपोर्टरनी. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा पासष्टच्या वरच्या कलाकारांना सेटवर यायला सरकारी मनाई होती. सासरे, आजोबा, गुरुजी, सगळे घरात. त्यातल्या अनेकांचं पोट रोजच्या कॉलवर होतं. ऑगस्टमध्ये हायकोर्टानं ती अट रद्द केली. तोपर्यंत या पोरी रोज एका म्हाताऱ्या नटाचा फोनो, म्हणजे फोनवरची मुलाखत, लावत होत्या. ते कुणाला आठवत नाही, पिशवी आठवते.

रवासाहेब, तुमच्या प्रश्नाकडं येते. मी २०२१ ला कोल्हापूरला परत आले. राजारामपुरीत राहते, डबिंग करते, दोन ठिकाणी शिकवते. स्ट्रिंगर होण्याचा प्रयोग आठ महिने केला. कोल्हापुरात मनोरंजनाची बातमी आहे, पगार नाही. स्टोरीवर पैसे, तेही ती चालली तर. मोरेवाडीच्या चित्रनगरीत जाऊन आले, अर्धा दिवस गेला आणि संध्याकाळी राजकारणात काही घडलं की माझी स्टोरी रनडाउनमधून, म्हणजे बातम्यांच्या यादीतून, गायब. पेट्रोल मात्र जळालेलं. शिवाय १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा लिहिला गेला तो वर्तमानपत्रांसाठी. टीव्हीतली आमची पिढी करारावरच वाढली, स्ट्रिंगरकडं तर बऱ्याचदा करारही नसतो. भावनेच्या भरात आणू नका तिला. यूट्यूबचंही तेच. पहिली दोन वर्षं तुमचा गूळच ते चॅनल चालवेल.

रस्सा_दे_की | मंगळवार, दुपारी १:४४

गूळ प्रायोजित. "आजचा बाइट गोड मानून घ्या."

खासबाग_काका | मंगळवार, दुपारी ४:१०

वय ७६. थोडं विषयांतर करतो, पोरांनी रागावू नये.

या गावाला पडद्याचं वेड आजचं नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली. तिथंच तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी १९२९ ला प्रभात काढली, तीही इथंच. नंतर भालजींचा जयप्रभा स्टुडिओ. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला आणि भालजींनी पुन्हा उभा केला. माझे वडील तिथं सुतारकाम करायचे. राजवाड्याचा दरवाजा सकाळी बनवायचा आणि संध्याकाळी तोच उलटा करून तुरुंगाचा. आमच्या न्हाणीघराला कित्येक वर्षं एका मोगल सरदाराच्या महालाची खिडकी होती. चित्रपट महामंडळाची कचेरी आजही कोल्हापुरातच आहे.

मिरज_जंक्शन | मंगळवार, दुपारी ४:२५

काका, खिडकीचा फोटो टाका! पण धागा गुळाचा आहे, परत या.

खासबाग_काका | मंगळवार, दुपारी ४:५१

आलोच होतो, तुम्ही मध्येच बोललात. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. आमच्या गल्लीतली दोन घरं तिच्यामागं गेली, तीन राहिली. जे गेले ते म्हणायचे चूक केली, जे राहिले ते पण तेच म्हणायचे. वडील राहिलेल्यांतले. खिडकी घर पाडताना गेली.

आजी_आहे_ना | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

मी सासू आहे म्हणून सासूच्या बाजूनं बोलते. ७१ व्या वर्षी तिसरीतल्या पोरीचा डबा, गृहपाठ, शाळेची रिक्षा, आणि वर "माझ्या आईकडं असते" असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे! गुडघे असेच जात नाहीत. बायको येईल तेव्हा येईल, तोवर सकाळचा डबा तुम्ही करा. सौदा काही पहाटे नसतो.

गुळाचा_रवा | मंगळवार, संध्याकाळी ७:०३

ताई, पटलं. उद्यापासून.

पांढरा_विथ_एक्स्ट्रा | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

पोरीला पहिल्या दिवशी डब्यात गूळ-चपाती. दुसऱ्या दिवशी चपाती-गूळ.

लेक_पत्रकाराची | मंगळवार, रात्री ९:३७

मी उलट्या बाजूची. माझे बाबा सिनेपत्रकार होते. आधी साप्ताहिकात, मग टीव्हीत. आम्ही सांगलीला, ते मुंबईत. आठवड्याची सुट्टी नावाला होती. शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवार-रविवार पुरस्कार सोहळे, गुरुवारी मालिकांचे टीआरपी येतात. उरला मंगळवार, तेव्हा आमची शाळा.

पाचवीत गॅदरिंगला त्यांनी शब्द दिला होता. आले तेव्हा माझा नाच होऊन गेला होता. मी विंगेत घुंगरू सोडत होते. मुख्याध्यापकांनी त्यांना बघितलं आणि सरळ स्टेजवर बोलावलं, सत्कार केला, दहा मिनिटं सिनेमासृष्टीचे किस्से सांगायला लावले. सगळी शाळा हसत होती. मी पण हसले, किस्से खरंच चांगले होते.

त्यांच्यावर राग नाही माझा. एवढंच नोंदवते की आईनं किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बाबांनी परत यावं का, असा प्रश्न कधी कुणाला विचारला नाही. आमच्या घरी तो प्रश्नच नव्हता. पगार यायचा, मनीऑर्डर यायची, विषय संपला.

तटस्थ_माणूस | मंगळवार, रात्री १०:००

डेस्कवाली यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. पासष्टच्या अटीचं मला माहीत नव्हतं. पिशवीबद्दल मत कायम, बाकी विचार करतो.

करवीरचा_गडी | मंगळवार, रात्री १०:२२

कोल्हापुरात बातमी हाय, हे मात्र खरं. राणादाची मालिका २०१६ ला सुरू झाली तेव्हा वसगड्यात रविवारी रस्ता दिसायचा न्हाई. लांबलांबनं माणसं गाड्या करून यायची, नुसता वाडा बघाय. माझ्या मावशीनं घरात चहाचा टप टाकला, चार वर्षं चालला. मालिका संपली, टप बंद. पण मुंबईची रिपोर्टर यायची ती हिरोचा बाइट घेऊन जायची, मावशीला कुणी विचारलं न्हाई. वहिनी हिकडं आल्या तर पहिली स्टोरी मावशीची.

मिरज_जंक्शन | मंगळवार, रात्री १०:४०

सगळे प्रतिसाद वाचले. वहिनींचं स्वतःचं म्हणणं काय, ते कुठं दिसलं नाही.

गुळाचा_रवा | मंगळवार, रात्री ११:१६

सगळ्यांचे आभार. बूमवाले, तुमच्यामुळं "थांबलेय"चा अर्थ लागला. लेक, तुमचं गॅदरिंग डोक्यातून जाईना.

मला हा प्रश्न एवढा का छळतो ते सांगतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीला लागून. जयंती नाल्याचं पाणी रात्रीत चढलं. वीज गेली, नळ बंद, शिरोलीला हायवेवर पाणी, म्हणजे गावात दूध पण येईना. मुलगी दोन वर्षांची. मी बायकोला संध्याकाळी पाचपर्यंत कळवलंच नाही. उगीच तिकडं जिवाला घोर. नंतर वीज आल्यावर यूट्यूबवर बघितलं, त्या दिवशी दुपारी ती एका ट्रेलर लाँचला होती आणि हिरोला हसत विचारत होती, सेटवर सगळ्यात जास्त मस्ती कोण करायचं? मला राग आला नाही. तिला माहीतच नव्हतं तर ती काय करणार. पण आई अजून कधी कधी ते काढते आणि मला उत्तर सुचत नाही. मुलगी हल्ली लाटणं तोंडापुढं धरून आजीला विचारते, "आज गुडघा दुखतोय, तुम्हाला कसं वाटतंय?" आई हसते. मग मी हसतो.

थांबलेय | बुधवार, दुपारी १२:४८

हा आयडी आत्ताच काढलाय. नावासाठी फार विचार करावा लागला नाही.

आमच्या ऑफिसातल्या इंटर्ननं सकाळी मला लिंक पाठवली. "मॅडम, ही स्टोरी होईल का? कोल्हापूरचा नवरा, खूप रिलेटेबल आहे." चौथ्या ओळीला हिशेबाची वही आली आणि मी चहा खाली ठेवला.

अहो गुळाचा रवा, काही दुरुस्त्या. लग्न ठरलं तेव्हा तू सत्तावीस नव्हतास, एकोणतीस होतास. आणि मुंबई सोडणार नाही असं मी म्हटलं नव्हतं. "सध्या" सोडणार नाही म्हटलं होतं. "सध्या" तू गिळलास.

पुराचं. मला पाचला कळलं नाही, सकाळी अकराला कळलं. डेस्कवर कोल्हापूरचं कच्चं फुटेज उतरत होतं, अजून आवाज नाही, पट्टी नाही, काही नाही. एका गल्लीतून बोट चाललेली. दोन्ही बाजूला कट्ट्यांवर बिनरंगाचे गणपती, कमरेपर्यंत पाण्यात. गणपतीला महिनाही उरला नव्हता. मला आधी वाटलं, बिचारे कुंभार. मग बोट वळली आणि आपलं निळं फाटक दिसलं. दुसऱ्या पायरीवर पाणी. तिसऱ्या पायरीवर बेबीची लाल चप्पल होती, एकच. क्लिप पुढं सरकली. मी एडिटरला मागं घ्यायला लावली, तीनदा.

तुला फोन केला नाही, कारण वीज नव्हती आणि तुझ्या मोबाइलची बॅटरी किती टिकते हे मला माहीत आहे. तुझा फोन येईल तेव्हा तो लागला पाहिजे, एवढाच हिशेब केला. मस्तीचा प्रश्न डेस्कनं लिहून दिलेला होता. सगळ्यांच्या आधी मीच विचारला, म्हणजे लवकर सुटता येईल. बूम कॅमेरामनच्या हातात दिला, फीड तूच पाठव म्हटलं आणि दादरला गेले. गाड्या रद्द. एसटीनं साताऱ्यापर्यंत आले. पुढं कुणी सोडेना. रात्र स्टँडवर काढली आणि सकाळच्या गाडीनं परत गेले, दुपारी एका वाढदिवसाचं कव्हरेज होतं. पाच वाजता तू फोन केलास आणि "काही नाही, थोडं पाणी आलंय" म्हणालास, तेव्हा मी पुणे-सातारा एसटीत होते. मागं कंडक्टर ओरडत होता. तू विचारलंस, कुठं आहेस? मी म्हटलं, सेटवर थांबलेय.

हे तुला कधी सांगितलं नाही. पोचलेच नाही, तर सांगायचं काय.

कामाबद्दल बूमदादांनी लिहिलंय तेच. मला ते आवडतं. थांबणं पण आवडतं. मेकअप रूमबाहेरच्या खुर्चीवर जे कळतं ते बाइटमध्ये कधी येत नाही. कुणाचे पैसे थकलेत, कुणाची आई दवाखान्यात आहे, कोण तेराव्या तासाला उभ्या उभ्या झोपलंय. त्यातलं वर्षातून एखादं टीव्हीवर जातं. करवीरचे दादा, मावशींचं चुकलंच आमचं. नंबर पाठवा.

आता मुख्य. तू आजीला विचारलंस, काकांना विचारलंस, पांढऱ्या रश्शाला विचारलंस. अख्ख्या महाराष्ट्राला विचारलंस. मिरजवाल्यांनी विचारलं ते तू सोयीस्कर सोडून दिलंस. प्रमुखपदाला मी गेल्या बुधवारी नाही म्हटलंय. त्याऐवजी महिन्यातले दहा दिवस कोल्हापुरातून काम मागितलंय. चित्रनगरी, आसपासची शूटिंगं, सगळं. उत्तर अजून आलेलं नाही, नाही पण म्हणतील. हे सांगायला त्याच दिवशी दुपारी फोन केला होता. मागं सौदा चालू होता. तू म्हणालास, "थांब जरा." आणि ठेवलास.

पांढरा_विथ_एक्स्ट्रा | बुधवार, दुपारी १२:५५

विषय एंड.

आजी_आहे_ना | बुधवार, दुपारी १:२०

डबा केला का आज?

खासबाग_काका | बुधवार, दुपारी २:०५

सूनबाई, साताऱ्याचं सासूबाईंना सांगा. त्या जे काढतात ते परत काढणार नाहीत.

डेस्कवाली_होते | बुधवार, दुपारी २:३०

दहा दिवसांचं जे ठरेल ते मेलवर घे. फोनवर "बघू या" म्हणाले तर त्याला उत्तर समजू नकोस. आणि इंटर्नला सांग स्टोरी होणार नाही :)

गुळाचा_रवा | बुधवार, संध्याकाळी ५:४०

सौदा आत्ता संपला. डबा केला, चपात्या आईनं परत केल्या.

लाल चप्पल मी शोधत होतो तेव्हा. मला वाटलं दोन्ही वाहून गेल्या.

शुक्रवारच्या महालक्ष्मीला वेटिंग १४ आहे. काढू?

थांबलेय | बुधवार, संध्याकाळी ५:४३

शुक्रवारी दोन रिलीज आहेत, रविवारी सोहळा. सोमवार रात्रीचं काढ, मंगळवारी सुट्टी आहे. बेबीला पण आण. एक दिवस शाळा बुडाली तर काही होत नाही.

रस्सा_दे_की | बुधवार, संध्याकाळी ५:५०

वहिनी, आलाच आहात तर. ते लग्न?

थांबलेय | बुधवार, संध्याकाळी ६:१२

मोडतंय. पण रविवारी महाएपिसोड आहे, तोवर गप्प बसा. एम्बार्गो आहे.

रस्सा_दे_की | बुधवार, संध्याकाळी ६:१४

घरात सांगून झालं. बायको हरली. आज जेवण बाहेर.